तिसरी सीडी

भीमराव खरातांचा पासपोर्ट अडकला तो जन्मतारखेवरून. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख होती, कारखान्याच्या सर्व्हिस बुकात दुसरी. चौतीस वर्षं त्यांनी अंबरनाथला लेथवर काम केलं, टर्नर म्हणून रिटायर झाले, तोवर त्या दोन तारखांची गाठ कधी पडली नव्हती. पासपोर्टच्या अर्जात ती पडली. अॅफिडेव्हिट झालं, पोलीस व्हेरिफिकेशन दोनदा झालं, आणि फाइल कुठेतरी पडून राहिली.

त्यांच्या बायकोचा, चांगुणाबाईंचा, पासपोर्ट मात्र तीन आठवड्यांत घरी आला.

त्यांचा मुलगा आकाश क्रूझच्या बोटीवर कुक होता. कॉन्ट्रॅक्ट चालू असताना आईवडिलांना एकदा अगदी थोडक्या भाड्यात बोटीवर नेता येई. त्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपणार होतं आणि पुढे बोटीवर जायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं. २००७च्या जानेवारीत बोट मुंबईला लागणार होती. तिथून कोची, कोलंबो, मॉरिशस, मादागास्कर, झांझिबार, मोंबासा, सेशेल्स, मालदीव करून छत्तीस दिवसांनी परत मुंबई. जायचं तर याच फेरीला.

चांगुणाबाई म्हणाल्या, मी एकटी जाणार नाही. भीमराव आठ दिवस त्यांच्या मागे लागले होते. अंगणवाडीत मदतनीस म्हणून बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसलीस, आता पोटच्या पोरानं बोलावलंय तर जा, असं ते रोज म्हणत. नवव्या दिवशी चांगुणाबाईंनी बॅग भरायला घेतली. मग मात्र भीमरावांना कसंतरी झालं. तेहतीस वर्षांच्या संसारात दोघं दोन रात्रींच्या वर कधी वेगळे राहिले नव्हते. बाळंतपणालासुद्धा ती लांब गेली नव्हती. माहेर अंबरनाथलाच, ते ड्यूटीवरून सुटले की सायकलने तिकडे जायचे.

बॅलार्ड पिअरच्या गेटपर्यंत ते पोचवायला गेले. पांढऱ्या कपड्यातला आकाश आईला न्यायला बाहेर आला होता. चांगुणाबाईंनी जाता जाता लोणच्याची बरणी कुठे आहे, सिलिंडर कधी लावलाय, दूधवाल्याला काय सांगायचं, सगळं परत एकदा सांगितलं. त्या गेटच्या आत गेल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. बोट निघताना बाहेरून दिसेल असं भीमरावांना वाटलं होतं, पण मध्ये भिंत होती.

आकाशनं आईसाठी एक छोटा चंदेरी डिजिटल कॅमेरा आणून ठेवला होता. त्यातल्या कार्डात दोनेकशे फोटो मावत. कार्ड भरलं की काय करायचं याची पद्धत त्यानं आईला नीट शिकवली. दुपारच्या जेवणानंतर त्याला तासभर मोकळा मिळे. त्या वेळात दोघं स्टाफच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसत, फोटो उतरवून घेत आणि त्यांच्या दोन सीड्या करत. दोन्ही सीड्या लावून, फोटो उघडतात ना हे बघायचं, आणि मगच कार्ड पुसायचं. तो कॉम्प्युटर सगळ्यांचा होता, दर आठवड्याला साफ व्हायचा, त्यामुळे तिथे काही ठेवता येत नसे. दोनांतली एक सीडी आईजवळ राही आणि दुसरी पुढच्या बंदरावरून बदलापूरला टपालाने जाई. एक हरवली तरी दुसरी राहील, असं आकाशचं म्हणणं होतं. सीडीवर मार्करने नंबर आणि गावाचं नाव चांगुणाबाई स्वतः घालत.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर नव्हता. म्हणून आकाशनं उल्हासनगरच्या मुकेशला सांगून ठेवलं होतं. कॅम्प तीनमध्ये मुकेशचा फोटो स्टुडिओ होता. आकाशच्या बोटीच्या सगळ्या कागदांना लागणारे फोटो तिथेच निघाले होते. आता रोलचं काम कमी झालं होतं, म्हणून मुकेशनं दुकानात तीन कॉम्प्युटर मांडले होते. वरच्या माळ्यावर जीन्स शिवायचा कारखाना होता; मशिनींचा आवाज दिवसभर चाले, आणि जिन्यातून निळ्या दोऱ्यांचे गुंतवळे खाली दुकानात येत.

भीमराव एक दिवसाआड स्कूटर काढून बदलापूरहून तिकडे जात. आकाशचा मेल इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत असे. मुकेश तो वाचून दाखवी. सिंधी माणूस, पण मराठी बरी बोलायचा, अडलं की हिंदीवर जायचा. "काकी ठीक आहे. काल थोडी उलटी झाली, आता खाना खाते," असं तो वाचे, आणि भीमराव म्हणत, पुन्हा वाच. दोन ओळींचा मेल असे. तेवढ्यासाठी बारा किलोमीटर येणं आणि बारा किलोमीटर जाणं त्यांना कधी जास्त वाटलं नाही. घरी तरी काय होतं? वरणभात करून ते एकटे जेवत. चहा मात्र सवयीनं दोन कप होई, आणि दुसरा गार झाल्यावर तेच पीत.

पहिली सीडी जानेवारीच्या शेवटी आली. तिच्यावर चांगुणाबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'एक. कोची, कोलंबो.' भीमरावांनी ती शर्टाच्या आत, बनियनला लावून नेली. मुकेशनं ती घातली आणि एकेक फोटो दाखवू लागला. सुरुवातीला आकाश, त्याचे मित्र, खोलीतला पलंग, त्यावर टॉवेलचा केलेला हत्ती. मग एक भलंमोठं चाक आलं, त्याला हाताएवढ्या कड्यांची साखळी. मग दोर गुंडाळायचे लोखंडी खुंट. सहा मुठींचा जाड पोलादी दरवाजा. बिजागऱ्या. नटबोल्ट, अगदी जवळून काढलेले. एका फोटोत चांगुणाबाईंचा हात बोल्टच्या शेजारी ठेवलेला होता, म्हणजे केवढा मोठा ते कळावं.

मुकेश बुचकळ्यात पडला. काकींनी समुद्र सोडून हे काय काढलंय, असं त्यानं विचारलं.

"माझ्यासाठी काढलंय," भीमराव म्हणाले.

त्यांनी ते फोटो तीनदा पाहिले. त्या बोल्टचे आटे कोणत्या मापाचे असतील, ते मनातल्या मनात बघत राहिले. घरी येताना अंबरनाथला कारखान्याच्या गेटासमोर त्यांनी उगाच स्कूटर थांबवली. आत कोणी ओळखीचं नव्हतं. पण चांगुणा आज बोलून गेली असं त्यांना वाटत होतं.

दुसरी सीडी मॉरिशसहून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आली. हिच्यात समुद्र होता. सकाळचा, दुपारचा, नुसतं पाणी. उडते मासे म्हणून काढलेले रिकामे फोटो. डेकवर हसत बसलेल्या बायका, त्यांच्यात चांगुणाबाई, डोक्यावर कुणाची तरी गोल टोपी. लोखंडाचे फोटो दोनच होते. भीमरावांनी ते मोजले आणि मोजल्याची त्यांनाच लाज वाटली. तिला मोकळं वाटावं म्हणूनच तर पाठवलं होतं. तरी परत येताना त्यांचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. टोपी घातलेली ती बाई बदलापूरच्या बाजारात समोर आली असती तर आपण ओळखली असती का, असं त्यांच्या मनात येत राहिलं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या भगवंत पाटलांकडे फोन आला. खरातांचा लँडलाइन तेव्हा बंद पडला होता, म्हणून आकाशकडे तोच नंबर दिलेला होता. चांगुणाबाई मोंबासाच्या बूथवरून बोलत होत्या. आवाज फुटत होता. आधी भीमरावांना वाटलं, आकाशला काही झालं. मग हळूहळू कळलं. झांझिबारला त्या बाजारात गेल्या होत्या आणि येताना पर्स टॅक्सीत राहिली. पासपोर्ट बोटीवर होता. पर्समध्ये कॅमेरा होता आणि तिन्ही सीड्या होत्या. सीड्या खोलीत ठेवायला त्यांचं मन होत नसे, म्हणून जिथे जातील तिथे त्या बरोबर नेत. टॅक्सी पुष्कळ शोधली, मिळाली नाही.

भीमरावांनी समजूत घातली. पहिल्या दोन सीड्या आपल्याकडे आहेत, सुखरूप आहेत, म्हणून सांगितलं. चांगुणाबाईंनी मग विचारलं.

"तिसरी मिळाली का तुम्हाला? मादागास्करहून टाकलीय."

"अजून नाही. येईल."

"ती सांभाळा हो. तिच्यात एक फोटो आहे. मला तो तुम्हाला दाखवायचाय."

"कसला फोटो? सांग ना."

"ते सांगून नाही कळायचं. बघा तुम्ही."

मग फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच भीमराव मुकेशच्या दारात होते. दोन्ही सीड्यांच्या तीन-तीन प्रती करून घेतल्या. एक जोडी मुकेशच्या कपाटात ठेवली. एक अंबरनाथला बहिणीकडे, सुंदराबाईकडे दिली. तिनं ती पंचशीलाच्या पुस्तकात घालून ठेवली. एक घरच्या लोखंडी कपाटात, चांगुणाबाईंच्या साड्यांच्या घडीत. मुकेश म्हणाला की एवढं तर लग्नाच्या पार्ट्यासुद्धा करत नाहीत. भीमराव म्हणाले, आता त्या फोटोंना दुसरा कोणी वाली नाही.

मग ते तिसरीची वाट बघायला लागले. रोज अकरा वाजता पोस्टात जात. पोस्टमन त्यांना लांबूनच मानेनं नाही म्हणे. झांझिबारनंतर बोटीवरून फोटो येणं शक्य नव्हतं, कॅमेराच उरला नव्हता. आकाशचे मेल येत होते, आई बरी आहे, आई आता लाटांना घाबरत नाही. पण तिला पाहायची सवय लागली होती, आणि आता दिसत नव्हती. पहिले आठ दिवस जेवढी आठवण आली नव्हती तेवढी आता यायला लागली. त्या न आलेल्या सीडीत ती कुठेतरी अडकून पडलीय, असं त्यांना वाटे. असा काय फोटो असेल, जो सांगून कळायचा नाही? ते डोळे मिटून तो बनवून बघत. कधी एखादं मोठं इंजिन, कधी देवमासा. पण त्यांनाच ते पटेना.

सोळा फेब्रुवारीला पाकीट आलं. चांगुणाबाई यायला तीन दिवस उरले होते.

पाकीट हातात घेताच आत काहीतरी खुळखुळलं. भीमराव ते न फोडता तसंच कॅम्प तीनला घेऊन गेले. मुकेशनं ते काउंटरवर कागद पसरून उघडलं. प्लॅस्टिकच्या डब्या संपल्या असाव्यात. सीडी नुसत्या कागदी वेष्टनात होती. आणि त्या वेष्टनातच, आकाशच्या नकळत, चांगुणाबाईंनी नवऱ्यासाठी पाच-सहा छोटे शंख घातले होते. वाटेत ते फुटले होते. त्यांचा चुरा आणि वाळू दोन-अडीच आठवड्यांच्या प्रवासात सीडीवर घासली गेली होती. खालची बाजू कुणी काथ्यानं भांडं घासावं तशी दिसत होती.

कॉम्प्युटर ती घेईना. मुकेशनं फडक्यावर टूथपेस्ट घेतली आणि आतून बाहेर, आतून बाहेर, अशी हलक्या हातानं चोळायला लागला. धुतली, पुसली, परत लावली. मग आतल्या खोलीतून एक जुना, सावकाश वाचणारा ड्राइव्ह काढून जोडला. दुपारचं जेवण दोघांनी तिथेच केलं. मुकेशच्या घरून आलेल्या डब्यातली कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, आणि दही. ड्राइव्ह कण्हत होता, थांबत होता, पुन्हा फिरत होता. चार वाजेपर्यंत दीडशेपैकी एकवीस फोटो निघाले. सीडी आतून बाहेर भरत जाते, म्हणून सुरुवातीचे वाचले, असं मुकेशनं सांगितलं. बोटीचं जेवणाचं टेबल होतं, लांबून दिसणारं बेट होतं, छोट्या होडीत आकाश होता. एकविसावा फोटो अर्धाच निघाला.

वरच्या अर्ध्यात आभाळ होतं, हिरवी टेकडी होती आणि चांगुणाबाईंचा चेहरा. केस मोकळे, ओले, खांद्यावर चिकटलेले. मानेखाली सगळं राखाडी. त्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या कुठेच बघत नव्हत्या. डोळे अर्धे मिटलेले आणि तोंडावर असं काही, की भीमरावांनी खुर्ची पुढे ओढली. तेहतीस वर्षांत त्यांनी हा चेहरा पाहिला नव्हता. लग्नात नाही, आकाश झाला तेव्हा नाही, स्वतःचं घर घेतलं तेव्हाही नाही.

तिला दाखवायचा होता तो हाच, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"काका, नीचे का पार्ट नहीं आयेगा," मुकेश म्हणाला. "मी सगळं करून बघितलं."

भीमरावांनी शंखाचा चुरा कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकला. मग मुकेशला म्हणाले, "तिला सांगायचं नाही हां. टपालात खराब झाली, एवढंच सांगायचं."

चांगुणाबाई आल्या. उन्हानं काळवंडल्या होत्या, थोड्या बारीक झाल्या होत्या, चालताना पाय जरा फाकवून टाकत होत्या. भीमरावांना वाटलं होतं, बंदरावर भेटल्या भेटल्या खूप बोलू. प्रत्यक्षात त्यांनी बॅग हातातून घेतली आणि दूध नासलं नाही ना, असं चांगुणाबाईंनी विचारलं. पहिले चार दिवस शेजारपाजारच्या बायकांना सांगण्यात गेले. मग त्या गप्प गप्प राहायला लागल्या. सकाळी चहा घेऊन गॅलरीत उभ्या राहत. समोर नवी बिल्डिंग उठत होती.

"ही आधी इतकी जवळ होती का?" त्यांनी एकदा विचारलं.

भीमराव म्हणाले की तिथेच होती. त्यांना कळत होतं. छत्तीस दिवस ते हिच्यासाठी झुरले, आणि आता ही घरात उभी राहून दुसऱ्याच कशासाठी तरी झुरत होती. तिथे ते कधी गेले नव्हते आणि जाणारही नव्हते.

रविवारी विहारातली वंदना झाल्यावर दोघं स्कूटरवरून मुकेशकडे गेले. त्यानं तिन्ही सीड्यांतलं जे होतं ते दाखवलं. तिसरी अशी कशानं झाली, असं चांगुणाबाईंनी विचारलं. मुकेशनं भीमरावांकडे बघितलं आणि टपालवाल्यांच्या नावानं दोन वाक्यं बोलला.

"शंख मिळाले ना?"

"मिळाले," भीमराव म्हणाले. "घरी आहेत."

अर्धा फोटो आला तेव्हा चांगुणाबाई पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, चला.

परतताना अंबरनाथच्या अलीकडे रस्त्याला रसवंती होती. भीमरावांनी स्कूटर उभी केली, दोन ग्लास सांगितले. दोघं बाकावर बसले. चरकाच्या घुंगरांचा आवाज येत होता. चांगुणाबाईंनी रस तोंडाला लावला नाही.

"त्या फोटोत मी पाण्यात होते," त्या म्हणाल्या. "कमरेपर्यंत. आकाशची पँट घातली होती, साडी नव्हती. तो म्हणाला, आई, बाहेर ये, बोटीची वेळ झाली. मला यावंसंच वाटेना."

भीमराव त्यांच्याकडे वळून बसले.

"मला त्या वेळी कोणाचीच आठवण नव्हती. आकाश समोर होता तरी नव्हती. तुमची पण नव्हती." त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. "नंतर आली. बोटीवर गेल्यावर आली, तेव्हा मी रडले. पण पाण्यात होते तेव्हा नव्हती. हे तोंडानं सांगायला मला जमणार नव्हतं, म्हणून म्हटलं, फोटोत बघा."

"बघितला," भीमराव म्हणाले. "अर्ध्यात पण कळलं."

"वाईट वाटलं?"

भीमरावांना वाटलं होतं. मुकेशच्या दुकानात, त्या चेहऱ्यासमोर बसल्यावर फार वाटलं होतं. पण तेवढंच नव्हतं. त्यानंतरचे तीन दिवस ते त्या चेहऱ्याच्या बाईची वाट बघत होते, आणि ती बंदरावर उतरलीच नव्हती.

"थोडं वाटलं," ते म्हणाले. "पण मला ती बाई आवडली."

चांगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग हसल्या, मग रस एका दमात प्याल्या. रसवाल्यानं ग्लास नेले. दुसरं गिऱ्हाईक बाकाशी येऊन उभं राहिलं तरी दोघं उठले नाहीत.

"पाणी गार होतं?" भीमरावांनी विचारलं.

"नाही हो. कोमट. तांदूळ धुतल्यावर हाताला लागतं तसं. खाली वाळू पायाखालून सरकत होती, म्हणजे आपण उभे आहोत तरी जातोय कुठेतरी, असं वाटतं. आधी भीती वाटली."

"मग?"

"मग नाही वाटली," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि बाकावर मांडी घालून सुरुवातीपासून सांगायला लागल्या. होडीत कशा उतरल्या, कोणी हात दिला, बेटावर पहिल्यांदा काय दिसलं. भीमराव मध्ये मध्ये विचारत होते, होडीला बाक होते का, टेकडी डाव्या हाताला की उजव्या. ऊन बाकावर आलं तसे दोघं सावलीच्या टोकाला सरकले.